कुणाच्या हुकमानं

मी तिथं पुरावा म्हणून उभा होतो.
तुळजापूर वेशीच्या आत, चौथऱ्यावर पंच,
त्यांच्या वर घोंगडीवर गुरू,
आणि खाली उन्हात ते दोघं:
वेशीबाहेरचा गेनू,
आणि त्याची बहीण राही, पाद्र्यानं जिचं राहेल केलं.

मागाच्या खड्ड्यात बसून वाकडे झालेले माझे पाय
नीट उभे राहत नव्हते.
पण उभे होते. हीच तर अडचण होती.

कल्लप्पा कारभाऱ्यानं घसा साफ केला.
"पाणी पाजलंस?"
"पाजलं."
"ह्याला? शिद्रामला?"
"व्हय."
"कुणाच्या हुकमानं?"

गाठीचा हंगाम होता तो.
पेठा माळावर जाऊन राहिलेल्या.
ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसांनी
माझ्या घराची कौलं काढलेली,
आणि मी खाली पडून
आभाळाचा एक चौकोन बघत होतो.
मागावर अर्धं लुगडं. धोटा होता तिथंच थांबलेला.
भाऊ आला, दारातनंच रडला,
जाताना जोंधळ्याचं पोतं घेऊन गेला.
त्याला बोल लावत नाही. त्याला चार पोरं होती.

मिलचा भोंगा किती वेळा झाला मोजायचं सोडलं
तेव्हा कधीतरी ती दोघं आत आली.
उंबऱ्यावर जरा थबकली. तेवढं मला दिसलं.
मग थबकणं संपलं.

गुरूंनी विचारलं, "अक्षर येतं का तुम्हांला?"
"मला न्हाई," गेनू म्हणाला. "हिला थोडं येतं.
ग गेनूचा एवढं मलाबी शिकवलंय."
कुणीतरी हसलं. गुरू हसले नाहीत.
"मग हात ठेवून पुटपुटलात ते काय?
दीक्षा कुणाची? परंपरा कुठली?"

राहीनं ते नाव सांगितलं.
भाजीवालीनं भाव सांगावा, तसं साधं.

"नाव आम्ही ऐकलंय. अधिकार विचारतोय."

तिनं पदर सारखा केला.
"महाराज, त्यालाबी गावानं वेशीबाहेरच नेऊन मारला.
आमी तिथंच ऱ्हातो.
तिथंच गाठ पडली."

चौथऱ्यावर पान लावायचं थांबलं.
मग सगळे माझ्याकडं वळले.
मी त्यांचा होतो. माझ्या बापानं ह्याच पंचांच्या देवाला
दर श्रावणात पागोटं विणून दिलेलं.
"तू सांग बे शिद्राम. नाव कुणाचं घेतलं होतं?"

मला आठवत होतं ते असं:
मडक्याची कड दातांवर वाजली,
आणि एक बाई मला हाक मारत होती,
शिद्राम, ए शिद्राम, एवढा घोट गिळ.
ते दुसरं नावही घेतलं असेल.
मला माझंच ऐकू आलं,
भाऊ गेल्यापासून कुणी न घेतलेलं.

हे मी बोललो नाही.
म्हणालो, "शुद्धीत नव्हतो."

आत काय कुजबुज झाली देव जाणे.
बाहेर येऊन हुकूम झाला, दोघांनी
ते नाव वेशीच्या आत पुन्हा काढायचं नाही.
"तोंड मिटता यील," राही म्हणाली,
"पर कुणी पाणी पाणी करत असंल
तर वंजळ कशी मिटू?"
आणि माझ्याकडं बघून,
"बरं वाटतंय न्हवं आता?"
एवढंच. मग दोघं गेली, कंबर तलावाच्या वाटेनं,
भर उन्हात, गेनूचं एक पायताण तुटलेलं.

मला साडेअकरा रुपये दंड,
वर जातीला जेवण, वर प्रायश्चित्त.
सगळं केलं. ते अर्धं लुगडं पुरं करून विकलं
आणि त्यातनंच भागवलं.
जिथं विणणं थांबलं होतं तिथं एक रेघ राहिली,
घेणारीला दिसली नाही. मला दिसायची.

आता शुद्ध आहे मी. पंगतीत बसतो.
तांब्या घासलेला, पाणी विहिरीचं, गाळलेलं.
पितो. आणि प्रत्येक घोटाला
दातांवर मातीची कड वाजते.